प्रत्येकाचं मिनिट

डिसेंबरातल्या थंडीत पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात बसलेल्या माणसाने एक गोष्ट नक्की अनुभवलेली असते. विलंबित एकतालातला ख्याल चालू आहे. बारा मात्रांचं एक आवर्तन पुरं व्हायला ५०-६० सेकंद लागताहेत. गायक समेवरून सुटतो, रागात लांबवर हिंडतो, एखाद्या स्वरावर रेंगाळतो, आडवाटेला लागतो, आणि मंडपातल्या हजारो माना एकदम खाली येतात. सम. त्या मानांपैकी कित्येकांना ताल मोजता येत नाही. घड्याळाकडे कुणीच पाहिलेलं नसतं. तरी मिनिटभरानंतरचा तो एक क्षण सगळ्यांना बरोबर सापडतो.

लहानपणी काही वर्षं मी तबला शिकायला जात असे. एकदा गुरुजींनी मला डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, ‘मिनिट झालं असं वाटलं की टाळी वाजव.’ मी टाळी वाजवली तेव्हा त्यांच्या घड्याळात ४४ सेकंद झाले होते. दुसऱ्या खेपेला ७१. मग त्यांनी सेकंदकाट्याबरोबर एकतालाचं एक आवर्तन हातावर धरून दाखवलं, सेकंदाला एक मात्रा. म्हणाले, ‘आता मिनिट शोधू नकोस. अशी पाच आवर्तनं मनात म्हण आणि सहाव्या समेवर टाळी दे.’ धिं धिं धागे तिरकिट करत मी साठाव्या सेकंदाच्या अगदी जवळ येऊन पोचलो. असं का झालं, हे कळायला मध्ये बरीच वर्षं जावी लागली.

वेळेचा अंदाज करताना माणूस चुकतो तो ठरावीक प्रमाणात. १० सेकंदांच्या अंदाजात कुणाची एका सेकंदाची चूक होत असेल, तर ६० सेकंदांच्या अंदाजात तीच चूक ६ सेकंदांवर जाते. उंदीर, कबुतरं आणि माणसं, तिघांच्याही बाबतीत हे दिसतं. जॉन गिबन या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये यावर गणिती सिद्धान्त मांडला. म्हणजे मोठा काळ अखंड मापायला गेलं की चूकही मोठीच होणार. तोच काळ छोट्या तुकड्यांत कापला तर प्रत्येक तुकड्यातली चूक लहान राहते, आणि एका तुकड्यात जास्त झालेलं दुसऱ्यात कमी होऊन बरंचसं फिटून जातं. हे तुकडे फार लांब असून मात्र चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण दोन सेकंदांपलीकडे गेलं की ते आपल्याला एकमेकांशी बांधलेले वाटत नाहीत. लय सुटते आणि सुटे सुटे ठोके उरतात. अतिविलंबित एकतालातली एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची असते, म्हणून तबलजी ती भरून काढतो, मात्रेचे चार भाग करतो, ‘तिरकिट’ सावकाश उलगडतो. शेवटचं ‘धागे तिरकिट’ कानावर पडलं की सम जवळ आली हे न शिकलेल्या कानालाही उमगतं. मंडपातले लोक काळ मोजत नसतात, त्यांच्या काळाला कुणीतरी आधार दिलेला असतो.

असा आधार लागतो, कारण काळासाठी आपल्याला इंद्रियच नाही. प्रकाशासाठी डोळा आहे, नादासाठी कान आहे. मिनिटासाठी शरीरावर कुठेही काही नाही. मग ‘खूप वेळ झाला’ हे आपल्याला कळतं तरी कशाने?

याचा एक धागा अमेरिकेतल्या एका आजारी बाईच्या उशाशी सापडला. हडसन होगलंड हे मॅसॅच्युसेट्समधले शरीरशास्त्रज्ञ. त्यांची पत्नी फ्लूच्या तापाने अंथरुणाला खिळलेली होती. होगलंड थोडा वेळ औषधाच्या दुकानात जाऊन आले, तर तिच्या मते ते फार उशिरा आले होते. दुसऱ्या कुणी ही तापातली चिडचिड मानून सोडून दिलं असतं. यांनी घड्याळ काढलं आणि तिला सेकंदाला एक या अंदाजाने साठपर्यंत आकडे मोजायला सांगितलं. ताप चढउतार होईल तसतसं हे पुन्हा पुन्हा केलं. ताप जितका जास्त, तितकी तिची मोजणी वेगात. तो १०३ अंश असताना तिचं मिनिट ४० सेकंदांच्या आतच संपलं. १९३३ मध्ये होगलंड यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केलं आणि आपल्या आत एखादं रासायनिक घड्याळ असावं, असं सुचवलं. तापाने फणफणलेल्या माणसाला रात्र सरता सरत नाही, हे आपण घरोघरी ऐकलेलं असतं. त्याचं आतलं मिनिट आखूड झालेलं असतं, आणि अशी कितीतरी मिनिटं त्याला रात्रभर मोजावी लागतात.

याच्या अगदी उलट टोकाला जर्मनीतला एक ६६ वर्षांचा रुग्ण आहे. मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात त्याला गाठ झाली होती. गाडी चालवताना एके दिवशी समोरचं सगळं जग भरधाव अंगावर येतंय असं त्याला वाटू लागलं. डॉक्टरांनी त्याला मिनिट झालं की सांगायला सांगितलं, तेव्हा तो सरासरी २८६ सेकंदांनी ‘झालं’ म्हणाला. जवळजवळ पावणेपाच मिनिटं. आतलं मिनिट इतकं ताणलं गेल्यावर बाहेरचं जग धावत सुटलेलं दिसणारच.

आणि मिशेल सिफ्र. हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ २३ वर्षांचा असताना, १६ जुलै १९६२ रोजी, आल्प्समधल्या स्कारासॉन नावाच्या गुहेत एकटा उतरला. सोबत घड्याळ नव्हतं, सूर्य दिसत नव्हता. उठल्यावर, जेवताना, झोपताना तो वर फोन करून कळवायचा. वरचे लोक नोंद ठेवायचे, पण त्याला वेळ सांगायचे नाहीत. सेकंदाला एक या गतीने तो १२० आकडे मोजायचा, ते मोजायला त्याला पाच मिनिटं लागत होती. १४ सप्टेंबरला त्याला मुदत संपल्याचं सांगितलं गेलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने ऑगस्टची २० तारीख होती. पंचवीस दिवस त्याच्या खात्यावर जमाच झाले नव्हते. मला यातली खरी मौज पुढेच वाटते. त्याच्या झोपण्या-उठण्याच्या नोंदी तपासल्या, तर शरीराचं चक्र साडेचोवीस तासांच्या आसपास नियमित फिरत होतं. मेंदूच्या तळाशी तांदळाच्या दाण्याएवढं एक केंद्र आहे, ते हे चक्र सांभाळतं. ते चुकलं नव्हतं. हरवला होता तो मनाचा हिशेब. म्हणजे आपल्या आत एकच घड्याळ नाही, आणि एक बरोबर चालत असताना दुसरं बिघडू शकतं.

मिनिटं-सेकंदं मोजणारं आतलं यंत्र कसं असेल, याची शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकापासून जी कल्पना मांडली, ती आपल्याला समजायला फार सोपी आहे. जुन्या लग्नांत घंगाळात पाणी भरून त्यावर घटिकापात्र सोडत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाणी आत शिरत राहतं, वाटी भरून बुडते, एक घटका झाली. २४ मिनिटं. आतल्या घड्याळातही असंच काहीतरी थेंबाथेंबाने साठतं, असं ही कल्पना सांगते. ते साठण्याचा वेग कमीजास्त होऊ शकतो. तापात तो वाढतो. किती साठलं की ‘मिनिट’ म्हणायचं, त्याची खूण स्मरणात असावी लागते. आणि वाटीपाशी कुणीतरी लक्ष ठेवून बसलेलं लागतं. लग्नात त्या कामाला घरातला जबाबदार माणूस बसवत, कारण त्याला डुलकी लागली तर वाटी बुडालेली कळायचीच नाही. वेग, खूण आणि लक्ष. मेंदूत प्रत्यक्षात अशी एक वाटी कुठेही नाही, अनेक भाग मिळून हे काम करतात. पण ज्यांचं काळाचं भान इतरांपेक्षा निराळं असतं, त्यांच्यात नेमकं काय निराळं आहे, हे विचारायला या तीन गोष्टी फार उपयोगी पडतात.

पार्किन्सनचंच पाहा. या आजारात मेंदूतल्या डोपामिन या द्रव्याची निर्मिती घटते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत डोपामिनचा परिणाम वाढवणारी औषधं आतल्या घड्याळाचा वेग वाढवतात, तो रोखणारी औषधं वेग घटवतात. म्हणून पार्किन्सनच्या रुग्णांचं घड्याळ नुसतं सावकाश चालत असेल, असा तर्क होता. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रुग्णांना ८ सेकंदांचा आणि २१ सेकंदांचा, असे दोन कालावधी शिकवले. औषध न घेता ते आठवायला सांगितल्यावर लहान कालावधी लांबला आणि मोठा आखडला. दोन्ही एकमेकांकडे सरकले. औषध घेतल्यावर दोन्ही ताळ्यावर आले. एकट्या वेगाचा दोष असता तर दोन्ही एकाच दिशेला चुकले असते. इथे खुणाच एकमेकींत मिसळत होत्या.

याच रुग्णांचं पाऊल चालता चालता उंबऱ्यावर अडकतं, काही केल्या उचलत नाही. पण बाहेरून ठेका मिळाला तर पाऊल पडतं. अमेरिकेत मायकेल थॉट आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवलं, की ठरावीक तालाचं संगीत ऐकत रोज चालण्याचा सराव केला तर या रुग्णांची चाल सुधारते. आतला ठेका क्षीण झाला तरी कानावाटे येणारा ठेका दुसऱ्या वाटेने पायांपर्यंत पोचत असावा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळातले रुग्ण नृत्य शिकतात. सत्तरीतली माणसं, ज्यांना शर्टाचं बटण लावायला मदत लागते, ती तालावर पावलं टाकतात. विलंबित आवर्तनात तबलजी श्रोत्यांना जे देतो, तेच इथे नृत्यशिक्षक देत असतो.

माझा भाचा दुसरीत असताना त्याच्या डायरीत लाल शाईने लिहून आलं होतं, ‘वेळेचं भान नाही.’ बहीण ती डायरी हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिली. ते वाक्य रागाने लिहिलेलं होतं. दोन वर्षांनी त्याला एडीएचडी असल्याचं निदान झालं, तेव्हा मी ते पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं, की ते शब्दशः खरं होतं. भान म्हणजे जाण. त्याला वेळेची जाण इतर मुलांसारखी येत नव्हती. लिहिणाऱ्या व्यक्तीने अचूक लक्षण टिपलं होतं आणि त्याला गुन्हा मानलं होतं.

या मुलांवर एक साधा प्रयोग नेहमी केला जातो. दिवा काही सेकंद लावून विझवायचा, आणि तेवढाच वेळ मुलाने बटण दाबून धरायचं. एडीएचडी असलेली मुलं साधारणपणे बटण लवकर सोडतात, आणि कालावधी लांबेल तशी ही तफावत वाढते. वाटीपाशी बसवलेला माणूस सारखा उठून जातो, असं म्हणता येईल. शिवाय वाट पाहणं हेच या मुलांना इतरांपेक्षा जास्त टोचतं. मेथिलफेनिडेट हे त्यांना दिलं जाणारं औषध डोपामिनवर काम करतं, आणि ते घेतल्यावर अनेक प्रयोगांत वेळेच्या चुकाही कमी झालेल्या दिसल्या आहेत. माझ्या बहिणीच्या घरी मात्र पहिला मोठा फरक पडला तो वाळूच्या घड्याळाने. ‘दहा मिनिटांत आवर’ हे वाक्य त्याच्यासाठी हवेत विरून जायचं. ‘वाळू संपेपर्यंत आवर’ हे त्याला दिसायचं. हल्ली मिळणाऱ्या टायमरवर लाल चकती हळूहळू मिटत जाते, तेही त्याच कामाचं. जे आत साठत नाही ते डोळ्यांसमोर साठवून दाखवायचं.

खरं तर कुठलंही लहान मूल काळ बरेच दिवस डोळ्यांनीच मापतं. ज्याँ पियाजे यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हे सविस्तर आहे. या विषयाची ठिणगी १९२८ मध्ये दाव्होस इथे आइन्स्टाइनने विचारलेल्या प्रश्नांतून पडली होती. दोन खेळणी एकाच वेळी सोडायची आणि एकाच वेळी थांबवायची, पण एक वेगाने न्यायचं. पाच वर्षांचं मूल म्हणतं, पुढे गेलेलं खेळणं जास्त वेळ चाललं. अंतर जास्त म्हणजे वेळही जास्त. अशा मुलाशी आपण काय बोलतो? ‘जरा थांब’, ‘एवढ्यात येते’, ‘घटकाभर बस’, ‘थोड्या वेळाने जाऊ’. यातल्या एकाही शब्दाला माप नाही. ‘परवा’ तर दोन दिवस मागेही असतो आणि दोन दिवस पुढेही. कुठला ते क्रियापदावरून ओळखायचं. बहुतेक मुलं हे सगळं आपोआप सावरून घेतात. स्वमग्न मुलाला मात्र ‘थोड्या वेळाने’ हा शब्द जिवावर येऊ शकतो. प्रयोगशाळेत सेकंदांचे अंदाज तपासले तर स्वमग्न व्यक्तींबाबतचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, कित्येक प्रयोगांत त्यांचे अंदाज इतरांइतकेच नेमके निघतात. त्यांची अडचण वाटी भरण्याची नसावी. यानंतर काय, ते कधी आणि हे संपणार कधी, हे माहीत नसणं असह्य असतं. म्हणून नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी उभ्या केलेल्या शिक्षणपद्धतीत दिवसाचा क्रम चित्रांनी मांडून ठेवतात. दात घासणे, नाश्ता, बस, शाळा. झालेलं चित्र काढून खोक्यात टाकायचं. आपल्याकडच्या विशेष शाळांतही अशा चित्रांच्या पट्ट्या भिंतीवर दिसतात.

दृष्टी नसलेल्या मुलाला ‘नीट बघ’ म्हणून कुणी रागावत नाही. काळाची जाण कमी असलेल्या मुलाला मात्र आळशी, बेफिकीर, वेंधळा, असं मन मानेल ते म्हणायची आपल्याला मुभा आहे असं आपण धरून चालतो. मला याचा राग येतो, आणि तो डायरीतल्या एका वाक्यापुरता नाही.

इथवर चालू काळाबद्दल झालं. सरून गेलेला काळ किती वाटतो, हे खातं निराळंच, आणि ते जवळजवळ पूर्णपणे स्मृतीच्या हाती असतं. अपघातात सगळं संथ झालं होतं, असं सांगणारी माणसं आपल्याला भेटतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना टेक्सासमध्ये ३१ मीटर उंचीवरून जाळ्यात पाठीवर पडू दिलं. मनगटावर इतक्या वेगाने बदलणारे आकडे होते, की एरवी ते वाचता येत नाहीत. काळ खरोखर संथ झाला असता तर पडताना ते वाचता यायला हवे होते. आले नाहीत. पण स्वतःचं पडणं त्यांना इतरांच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के लांब वाटलं. भीतीच्या क्षणी स्मृती दाट विणली जाते, आणि नंतर उलगडताना ती लांब भरते.

वय वाढतं तशी वर्षं भरभर जातात असं वाटतं, तेही बहुधा याच्याच दुसऱ्या बाजूने. मार्क विटमन आणि सांड्रा लेनहॉफ यांनी १४ ते ९४ वयाच्या ४९९ जणांना विचारलं, तेव्हा गेला आठवडा किंवा महिना किती वेगाने गेला याच्या उत्तरांत वयानुसार फारसा फरक दिसला नाही. गेली दहा वर्षं मात्र वयस्कांना जास्त वेगाने गेलेली वाटत होती. शाळेतल्या दहा वर्षांत प्रत्येक इयत्ता नवी असते; पन्नाशीतल्या दहा वर्षांत लोकल तीच, टेबल तेच.

नैराश्यात या दोन खात्यांची फारकत आणखी स्पष्ट दिसते. नैराश्याचे रुग्ण सांगतात, दिवस ढकलावा लागतो, वेळ खायला उठते. २०१५ मध्ये त्यांच्यावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा काळ संथ वाहतो ही त्यांची भावना पक्की आढळली, पण सेकंद-मिनिटांचे अंदाज मात्र इतरांपेक्षा वेगळे नव्हते. वाटी वेळेवर भरते आहे, पण वेळ जड झाली आहे. अशा माणसाला ‘कुठे इतका वेळ झाला, पाचच तर मिनिटं झाली’ म्हणणं फोल आहे. पाच मिनिटं झाली हे त्यालाही माहीत असतं.

आणि स्मृतीच नसेल तर? हेन्री मोलेसन यांच्यावर अपस्मारासाठी १९५३ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांच्या मनात नवी आठवण टिकेनाशी झाली. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना वेगवेगळे कालावधी पुन्हा करून दाखवायला सांगितले. २० सेकंदांपर्यंत ते अगदी ठीक होते. त्यापुढे त्यांचा काळ आखडत गेला. त्या आकड्यांवरून संशोधकाने हिशेब मांडला, की आपला तास त्यांना तीन मिनिटांसारखा, दिवस पंधरा मिनिटांसारखा आणि वर्ष तीन तासांसारखं वाटत असावं. शस्त्रक्रियेनंतर ते पंचावन्न वर्षं जगले. या हिशेबाने ती पंचावन्न वर्षं आठवड्याभरात बसतात.

इंग्लंडमधले संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांच्या वाट्याला याहून आखूड काळ आला. मार्च १९८५ मध्ये विषाणूने त्यांच्या मेंदूत दाह झाला आणि त्यानंतर त्यांच्या हाती काही सेकंदांचाच वर्तमानकाळ उरला. पत्नी डेबोरा खोलीबाहेर जाऊन परत आली, की अनेक वर्षांनी भेटल्यासारखे ते तिला मिठी मारत. त्यांची एक वही होती. तिच्यात घड्याळात पाहून वेळ लिहायची, आपण या क्षणी पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने जागे झालो आहोत असं लिहायचं, आणि काही मिनिटांपूर्वी आपल्याच अक्षरात लिहिलेली तशीच नोंद खोडायची. पानांमागून पानं अशीच भरलेली.

पण त्यांना पियानोपाशी बसवलं, समोर स्वरलिपी ठेवली, तर ते वाजवू लागत. जुन्या सहकाऱ्यांचा गायकवृंद समोर उभा राहिला तर त्याचं संचालन करत, कुणी कुठे उचलायचं ते हाताने दाखवत, जागा न चुकवता. रचना कितीही मिनिटांची असो, तेवढा वेळ त्यांना आधीचं आणि पुढचं दोन्ही असे, कारण प्रत्येक स्वर पुढच्या स्वराकडे बोट दाखवत होता. शेवटचा स्वर विरेपर्यंत ते त्या काळात असत. मग हात खाली येत, वही उघडली जाई, घड्याळातली नवी वेळ तिच्यात उतरे आणि वरच्या ओळीवर काट पडे.